किंमत कुणी मोजली?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आमच्या गावात सकाळी झेंडावंदन होतं. शाळेची पोरं प्रभातफेरी काढतात, ग्रामपंचायतीपुढच्या ओट्यावर खुर्च्या मांडतात, निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या फोटोला हार घालतात आणि मग भाषणं सुरू होतात. ही भाषणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. आधी रांगेत बसलेला शाळकरी पोरगा म्हणून, आता छत्रपती संभाजीनगरला एम.ए. इतिहास करणारा विद्यार्थी म्हणून. वक्ता कुणीही असो, एक वाक्य ठरलेलं असतं : स्वातंत्र्य फुकट मिळत नसतं, त्याची किंमत मोजावी लागते. त्यावर टाळ्या पडतात.

वाक्य खोटं नाही. पण ते जिथं थांबतं, तिथून पुढचं मला विचारायचंय. किंमत मोजली, ती कुणी? आणि जो मोजत होता, त्याला आधी कुणी विचारलं होतं का?

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. १५ ऑगस्ट १९४७ला शेजारी बार्शीत तिरंगा चढला आणि आमच्याकडे तो चढवणं गुन्हा होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि भारतात यायला त्यांना आणखी तेरा महिने लागले. त्या राज्याबद्दल बोलताना जुलूम, पारतंत्र्य असे मोठे शब्द वापरले जातात. मला मात्र त्यातल्या लहान गोष्टी जास्त सांगून जातात. चार माणसं जमवून सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' नावाच्या हुकमाखाली आधी सरकारची परवानगी काढायची. पोरानं घरात मराठी बोलायचं आणि पुढं शिकायचं म्हटलं की उर्दूत शिकायचं. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं. इंग्रजीचा दबदबा असताना देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मी अभ्यासक म्हणून मान्य करतो. पण केज-कळंबच्या कुणब्याच्या पोराला ती भाषा इंग्रजीइतकीच लांबची होती.

१९३८ साली याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला लागली. मनाई झाली. मुलं थांबली नाहीत. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलंही त्यात होती. मग वसतिगृहातून काढलं, पाठोपाठ कॉलेजातून नावं कमी केली, शेकडो मुलांची. मी स्वतः हॉस्टेलवर राहतो, म्हणून हा प्रसंग मला पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. मला दिसते खाटेखालची ट्रंक. ती उचलायची, मोटारीनं गाव गाठायचं आणि ज्यानं जमीन गहाण टाकून शिकायला पाठवलं त्या बापापुढं उभं राहून सांगायचं की नाव काढून टाकलं. का, तर गाणं म्हटलं म्हणून. पोलिसाची लाठी सोसणं मला जमेल कदाचित, पण त्या वेळची बापाची नजर सोसवेल का, मला सांगता येत नाही. पुढं नागपूर विद्यापीठानं यातल्या पुष्कळ मुलांना सामावून घेतलं आणि त्यांचं शिक्षण वाचलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच, तेव्हा वय १७.

या मुलांपुढं मी मान झुकवतो. त्यांनी किंमत मोजली, आणि काय जाणार आहे हे ठाऊक असून मोजली. प्रार्थनेला उभं राहताना प्रत्येकाला गप्प बसायचा पर्याय होता. स्वामीजी तर शाळामास्तर. हिप्परग्याला आणि पुढं अंबाजोगाईला शाळा चालवणारा माणूस. शाळा सोडून तुरुंगाची वाट त्यांनी स्वतः धरली. स्वातंत्र्याचा अर्थ मला कुणी विचारला तर मी इथूनच सुरुवात करीन : जो किंमत देणार, त्यालाच ती द्यायची की नाही हे ठरवता आलं पाहिजे. ज्याला हे ठरवता येतं तो तुरुंगातही काही अंशी मोकळा असतो. ज्याच्याकडून ती न विचारता काढून घेतली जाते, त्याच्यासाठी झेंडा कुठलाही चढो, तो दिवस वसुलीचाच.

आणि आमच्या मुक्तीच्या इतिहासात वसूल केलेली किंमत पुष्कळ आहे. तिच्याबद्दल ओट्यावरून बोललं जात नाही.

माझी पणजी रझाकारीत, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र टोळ्यांच्या धुमाकुळात, चार दिवस ज्वारीच्या फडात लपून होती, कडेवर लेकरू घेऊन. ते लेकरू म्हणजे माझे आजोबा. परत आली तर घराला दार नव्हतं. चौकटीसकट उचकटून नेलं होतं. नवं दार बसवायला सहा वर्षं गेली, तोवर तरटाचा पडदा. आजी हे सांगते तेव्हा फडाबद्दल थोडं आणि दाराबद्दल जास्त सांगते. सासूनं तिला ते तसंच सांगितलं असणार. सहा पावसाळे तरटाच्या आड झोपलेल्या बाईला स्वातंत्र्यलढा म्हणजे काय होतं? तिनं सत्याग्रह केला नाही, पत्रकं वाटली नाहीत. तिचं नाव कुठल्या स्तंभावर नाही आणि असावं असा तिचा हट्टही नव्हता. पण दार तिचं गेलं.

आता जे लिहायचंय ते लिहायला मी दोन वर्षं लावली.

गावाच्या उगवतीला एक पडकी जागा आहे, तिला मणेरवाडा म्हणतात. दगडी जोतं तेवढं उरलंय. लहानपणी आमचं क्रिकेट तिथं चालायचं, ते जोतं म्हणजे आमची बाउंड्री. मणेर म्हणजे बांगडीवाला मुसलमान, एवढं मला माहीत होतं. पण आमच्या गावात एकही मणेर नाही, मग हा वाडा कुणाचा, हा प्रश्न मला एकविसाव्या वर्षापर्यंत पडला नाही. पडला तेव्हा आजीला विचारलं. ती म्हणाली, "पोलीस ॲक्शन झाली आन् मणेर गेलं. मग गावात बांगड्या भरायला कुनी ऱ्हायलं न्हाई. सासूबाई म्हनायच्या, लगीन आसलं की बैलगाडी जुंपून परगावला जावं लागायचं." कुठं गेले, कसे गेले, सगळे गेले का, हे तिला सांगता आलं नाही. की सांगायचं नव्हतं, देव जाणे. एक गाव एका घराला कसं विसरतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. आठवण राहिली ती बांगड्यांच्या गैरसोयीची.

पोलीस ॲक्शन म्हणजे ही : १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. त्यानंतरच्या दिवसांत संस्थानाच्या कितीतरी भागांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. काय घडलं हे पाहायला केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं लिहिली. मेलेल्यांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,०००चा होता. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्या हकिगतीही त्यात आहेत. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकांनी तो अभ्यासकांच्या हाती आला. आमच्या जिल्ह्याचं नाव त्यात पहिल्या चारांत आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. कॉलेजातही मी स्वतः शोधलं तेव्हाच कळलं.

याचा अर्थ निजामाचं राज्य बरं होतं असा कुणी काढू नये. विलीनीकरण न्याय्य होतं, आणि व्हायलाच हवं होतं. रझाकारांनी गावंच्या गावं नागवली, माझ्या पणजीचं दार त्यांनीच नेलं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्या शेजारच्या लातुरात वकिली करणारा. पण हेही लक्षात ठेवायला हवं की हैदराबादेत 'इमरोज' दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान यानं भारतात सामील व्हावं अशी भूमिका लेखणीनं मांडली, आणि ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं. ऐन तारुण्यातला माणूस. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची नावं घ्यायची तर हे नाव वरच्या ओळीत घ्यावं लागेल. आमच्या ओट्यावरून मी ते एकदाही ऐकलेलं नाही. ते घेतलं असतं तर निदान एवढं तरी कळलं असतं की लढा एका राजवटीशी होता आणि राजवटीचा धर्म म्हणजे रयतेतल्या मणेराचा गुन्हा नव्हे.

आणि ज्याच्याशी लढा होता, त्या निजामाचं काय झालं? २६ जानेवारी १९५०ला तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. १९५६पर्यंत त्या पदावर राहिला, तनखाही घेत राहिला. राज्य करणाऱ्याला पद मिळालं आणि बांगड्या विकणाऱ्याचं जोतं उरलं. त्यामागची राजकीय गणितं मी वाचली आहेत, त्या वेळच्या सरकारपुढच्या अडचणीही मला समजतात. तरीही ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की मला झोप लागत नाही. स्वातंत्र्याची किंमत ज्याच्याकडं सगळ्यात जास्त होतं त्याच्याकडून घेतली जात नाही, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतली जाते. माझा सगळा मुद्दा हाच आहे.

गेल्या वर्षी झेंडावंदनानंतर मी हे आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींपुढं बोललो. ज्यांच्यामुळं मला इतिहासाची गोडी लागली, ते हे गुरुजी. त्यांनी रागावून नाही, मायेनंच विचारलं, "बाळा, उकरून कशाला काढायलास? सुक्याबरोबर ओलंबी जळतंच की." ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चटका बसला. सुक्याबरोबर ओलं जळतं, असं ओलं कधी म्हणत नाही. चुलीपुढं बसलेला म्हणतो. गुरुजींना मी उलटून बोललो नाही, तेवढी माझी छाती नाही. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न आडमुठेपणाचा नाही. जुनी जखम उघडली तर गावात आज ज्या चार घरांचं बरं चाललंय त्यांच्यात तेढ येईल, ही त्यांची भीती खरी आहे.

माझं उत्तर असं. जखम उघडी आहेच, फक्त एकाच बाजूनं बोलली जाते. रझाकारीच्या कथा दरवर्षी ओट्यावरून सांगितल्या जातात आणि गावातली मुसलमान पोरं खाली मान घालून त्या ऐकतात. मी त्यांच्याबरोबर त्याच रांगेत बसलोय. त्यांच्या माना मला दिसत होत्या, अर्थ कळत नव्हता. पणजीचं दार आणि मणेराचं जोतं एकाच भाषणात आलं, तर त्या मानांना वर बघायला जागा मिळेल. तेढ अर्धवट सांगण्यानं वाढते. माझ्या पणजीचं दुःख पुरतं सांगायचं असेल तर मला मणेराचंही सांगावं लागेल, नाहीतर माझ्या पणजीचं दुःख दुसऱ्या कुणाला मारायचं हत्यार होऊन बसेल.

हे एकदाच घडून संपलं असतं तर मी इतकं ताणून धरलं नसतं. पण तीस वर्षांनी, स्वतंत्र देशात, आमच्याच भागात पुन्हा तेच झालं. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ज्या माणसानं १९५०मध्ये औरंगाबादेत कॉलेज उभं करून मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा रस्ता बांधला, त्याचं नाव विद्यापीठाला द्यायचं, एवढीच गोष्ट. त्यावर शेकडो गावांत दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षं. आज त्या तारखेला विद्यापीठाच्या गेटवर लेकराबाळांसकट माणसं येतात, गेटला हात लावून नमस्कार करतात. मी त्याच गेटमधून रोज सायकल काढतो आणि एम.ए.ला येईपर्यंत मला पोचिराम कांबळे हे नाव ठाऊक नव्हतं. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली काही मोठी माणसं त्या वेळी नामांतराच्या विरोधात होती, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. एक लढा लढलेल्या माणसालाही दुसऱ्याचा लढा ओळखू येतोच असं नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्यानं संपला नाही. पण मोठ्या माणसांना मोजायची माझी जुनी फूटपट्टी मात्र मोडली.

इतका वेळ मी दुसऱ्यांचा हिशेब मांडतोय, म्हणून आता माझा.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी ताई दहावीला शाळेत दुसरी आली. तिला सायन्सला जायचं होतं. कॉलेज तालुक्याला, घरापासून चौदा किलोमीटर. प्रॅक्टिकल संपायच्या आत परतीची शेवटची एसटी निघायची. घरात आठवडाभर चर्चा झाली, तिला सोडून सगळ्यांशी. शेवटी ठरलं, पोरीच्या जातीला अंधारात स्टँडवर ताटकळत ठेवायचं नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. सहा वर्षांनी माझी दहावी झाली. तेच कॉलेज, तोच रस्ता, शेवटची एसटी त्याच वेळेची. माझ्या बाबतीत चर्चा झाली नाही. मी कधी टेम्पोत बसून, कधी कुणाच्या मोटारसायकलवर घरी यायचो, आठ वाजायचे, कुणी वाट बघत दारात उभं राहिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, मी मोकळा आहे कारण मी धाडसी आहे. आज मला दिसतं की तिच्या लग्नाचा खर्च उरकल्यावर घरात शिक्षणासाठी जे उरलं, ते एका वाटेकऱ्याचं होतं, आणि तो वाटेकरी मी होतो. माझ्या हॉस्टेलची फी, खोलीतली पुस्तकं, रात्री अकराला चहा प्यायला बाहेर पडायची मुभा, यातला काही भाग तिच्या खात्यातून आलेला आहे. तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा.

मग करायचं काय? मोठमोठ्या स्मारकांची मागणी मी करणार नाही, तालुक्याला एक आहे, त्याच्या पायऱ्यांवर गवत उगवलंय. १९४८ला जी मुलं दहा वर्षांची होती ती आता नव्वदीला टेकली आहेत. पाच-सहा वर्षांत ती उरणार नाहीत. प्रत्येक गावातल्या शाळेनं यंदाच्या १७ सप्टेंबरला भाषणं अर्ध्यावर आणावीत आणि उरलेल्या वेळात आठवी-नववीच्या पोरांना वह्या देऊन या म्हाताऱ्यांकडं पाठवावं. कुणाचं दार गेलं, कुणाचं घर सुटलं, कुणाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, सगळं लिहून घ्यावं, जात-धर्म न बघता. खर्च वह्यांचा. पाठ्यपुस्तकात शोएबुल्ला खान यावेत, सुंदरलाल समिती यावी, आणि तीच पुस्तकं शिकणाऱ्या पोरांना पोचिराम कांबळे कोण होते हे कळावं. शिक्षकांवर दडपण येईल, मला कल्पना आहे. १९३८च्या मुलांच्या शिक्षकांवरही आलं असणार.

आणि घरातला हिशेब घरात मांडावा लागेल. तो कुठली समिती येऊन मांडणार नाही.

यंदा पंचमीला ताई माहेरी आली होती, लेकीला घेऊन. सांजच्याला माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली तर तळाशी तिचा अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म निघाला. फोटो चिकटवलेला, दोन वेण्या, कडक इस्त्रीचा गणवेश. विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी तिची ठसठशीत सही. पालकाच्या सहीची जागा कोरी. तिनं तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि घडी घालून ठेवला. मी म्हणालो, "ताई, बारावीला बाहेरून बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा." ती लेकीची वेणी घालत होती. हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्याच्यावर पालकाची सही लागती का रे?"

"तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, ताई."

तिनं वेणीला रिबन बांधली, लेकीला खाली उतरवलं आणि ट्रंकेत दहावीचा मार्कमेमो शोधायला लागली.